बुडालेलं इंजीन वाचवायचं कसं: वर काढल्यापासून पहिल्या धुरापर्यंत, आणि पुढे गंजाचा बंदोबस्त

होडी बुडाली, भरती साधून ओढून काठाला लावली, तळातलं पाणी उपसलं, की जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतो, “एकदा सेल्फ मारून बघ की. लागलं तर लागलं!” ही सूचना कानाआड केली तर निम्मं इंजीन वाचलं म्हणून समजा. बुडालेल्या इंजिनाचं पाण्याखाली होणारं नुकसान फार थोडं असतं. मोठं नुकसान होतं ते वर काढल्यावर, आणि बहुतेक वेळा घाईनं सेल्फ मारून किंवा दोन दिवस नुसतं ठेवून.

सेल्फ का मारायचा नाही, ते आकड्यांत बघा. डिझेल इंजीन हवा सतराएक पट दाबतं, तेव्हा कुठे डिझेल पेट घेतं. एक लिटरचा सिलिंडर असेल तर पिस्टन पार वर आल्यावर हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखाली, उरणारी जागा साधारण ६० मिलिलिटर. कटिंग चहाचा ग्लास, त्याहून जास्त नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ग्लासभराहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर जाणार कुठे? पण फ्लायव्हील जड आणि सेल्फची मोटर जोरदार, त्यामुळे काहीतरी वाकतंच, आणि ते बहुधा कनेक्टिंग रॉड असतं. वाईट भाग असा की वाकलेला रॉड लगेच कळेलच असं नाही. इंजीन लागतं, थोडं खडखडतं, धूर जरा जास्त सोडतं, आणि काही दिवसांनी भर समुद्रात रॉड तुटून चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) फोडून बाहेर येतो.

तेव्हा पहिलं काम बॅटरीची तार सोडवण्याचं, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटरीतून क्लोरीन वायू सुटू शकतो, म्हणून बंद इंजीनरूममध्ये तोंड घालण्याआधी फळ्या उघडून वारा खेळू द्या. घशाला झोंबणारा वास आला तर बाहेर या आणि थांबा.

दुसरी गोष्ट तांडेलाला किंवा होडीवर जो असेल त्याला विचारायची: पाणी आत शिरलं तेव्हा इंजीन चालू होतं की बंद? नांगरलेल्या जागी पावसाच्या पाण्यानं किंवा गळक्या ग्लँडमुळे (पंख्याचा दांडा होडीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं बूच) होडी बसली असेल, तर इंजीन बंदच होतं. आतले भाग सरळ आहेत असं धरून चालता येतं. चालत्या इंजिनानं पाणी ओढलं असेल तर रॉड तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. कसा तपासायचा ते डिझेलच्या भागात येईलच.

वर काढण्याआधी गोड्या पाण्याची सोय

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, मीठ त्या गंजाचा वेग वाढवतं. आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम असतो. एका लिटर हवेत तोच पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. म्हणजे बुडालेलं इंजीन तळाशी पडून असतं तेव्हा गंज हळूहळू चालतो, आणि ओलं, खारट इंजीन हवेत आलं की सुसाट सुटतो. सकाळी वर काढलेल्या इंजिनाचे सिलिंडर आणि बेअरिंग संध्याकाळपर्यंत तांबूस होतात. मेच्या उन्हात त्याहूनही आधी.

यातून निघणारा नियम ऐकायला उफराटा वाटतो: लगेच काम करायची तयारी नसेल, तर इंजीन वर काढायची घाई करू नका. आधी गोडं पाणी, ऑइल, फिल्टर, पाने, माणसं जमवा आणि मग इंजीन हवेत आणा. काढावंच लागलं आणि मेकॅनिक उद्या येणार असेल, तर आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून टांगतात ते) गोड्या पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवून ठेवा. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप छोट्या मशीनच्या डोक्याला पुरतं. मोठ्या मशीनसाठी सिंटेक्सची टाकी वरून कापून घेतात. पाणी दिवसातून एकदा बदललं तर उत्तम, कारण सुटलेलं मीठ त्याच पाण्यात राहतं. इनबोर्ड, म्हणजे होडीच्या आत बसवलेलं, डिझेल उचलून पिंपात टाकणं शक्य नाही. त्याची सोय वेगळी, ती पुढे.

एक खबरदारी किनाऱ्यावरच्या लोकांनी घ्यायची. बंदराजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. पाणी आधी चाखून बघा. जिभेला खारट लागणाऱ्या पाण्यानं मीठ धुतलं जात नाही. त्यापेक्षा टँकर मागवा किंवा नळाचं पाणी ड्रममध्ये साठवा.

आता पंचनाम्याचा प्रश्न. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. अशा वेळी एका बंदरात अनेक होड्या एकदम जातात, पंचनाम्याला माणसं अपुरी पडतात आणि विम्याचा सर्व्हेअर कधी येईल ते सांगता येत नाही. “हात लावला तर भरपाई मिळणार नाही” या भीतीनं इंजीन तसंच उन्हात ठेवलं जातं, आणि भरपाई येईस्तोवर दुरुस्तीचं इंजीन भंगाराचं होतं. यावर साधा उपाय आहे. होडी पाण्यात असतानाचे, वर काढतानाचे आणि इंजिनाचे फोटो काढा. होडीचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. चेंबरमधून निघणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ घ्या. विमा कंपनीला आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा, “नुकसान वाढू नये म्हणून इंजीन धुऊन ऑइलमध्ये ठेवत आहोत” हे वाक्य त्यात घाला, आणि कामाला लागा. काढलेले भाग आणि बिलं फेकू नका.

आउटबोर्ड मशीन

झाकण काढून सगळं मशीन गोड्या पाण्यानं धुवा. साधा नळ, कमी दाब. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप वापरू नका. तो मीठ धुतो त्याहून जास्त सीलमधून आणि कनेक्टरमधून आत ढकलतो. फ्लायव्हीलच्या खाली, वायरींच्या जोडांत, कार्ब्युरेटरच्या मागे, जिथे बोट पोचत नाही तिथे पाणी पोचलं पाहिजे.

मग प्लग काढा. प्लगच्या टोप्या बॉडीला टेकवून पक्क्या करा, नाहीतर मशीन फिरवताना उडालेली ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरेशी असते. किल स्विचची दोरीही काढून ठेवा. मशीन आडवं करून प्लगची भोकं जमिनीकडे येतील असं धरा आणि फ्लायव्हील हातानं, त्याच्या नेहमीच्याच दिशेनं, सावकाश फिरवा. पहिल्या फेऱ्याला पाण्याची चिळकांडी येते, मग थेंब, मग फेस. फिरवताना कान द्या. आत कचकच लागली, रेती चिरडल्यासारखा आवाज आला, तर तिथेच थांबा. वाळूवर बसलेल्या होडीच्या मशीनमध्ये रेती जातेच, आणि रेतीसकट फिरवलं की सिलिंडरवर ओरखडे आणि बेअरिंगची वाट. अशा मशीनला खोलण्याशिवाय पर्याय नाही.

टू-स्ट्रोक मशीनमध्ये लोक एक गोष्ट विसरतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, तिथून सिलिंडरमध्ये. म्हणजे पाणीही दोन्हीकडे असतं. प्लगमधून पाणी यायचं थांबलं म्हणजे काम झालं असं नाही, खालच्या भागात अजून पाव लिटर असू शकतं. शिवाय तिथली बेअरिंग बारीक सुयांच्या रोलरची, त्यांना वेगळं ऑइल नसतं. गंजाला ती सगळ्यात आधी बळी पडतात. म्हणून कार्ब्युरेटर काढून त्या तोंडातून डिनेचर्ड स्पिरिट ओता, रंगाच्या दुकानात मिळतं. मशीन उलटसुलट करत फिरवत राहा. स्पिरिट पाण्यात मिसळतं आणि पाण्याला घेऊन बाहेर पडतं, उरलेलं उडून जातं. थिनर वापरू नका, तो रबरी सील फुगवतो. हे सगळं उघड्यावर, विडी-काडीपासून लांब.

मग त्याच तोंडातून आणि प्लगच्या भोकांतून टू-स्ट्रोक ऑइल सढळ हातानं घाला आणि दहा-पंधरा फेरे द्या. आता श्वास घ्यायला सवड मिळाली. ऑइलची पापुद्री बसल्यावर मशीन काही तास तग धरतं.

कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू काढून वाटी रिकामी करा, जेट फुंकून घ्या. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. रॉकेलवर चालणारी मशीन आपल्याकडे बरीच आहेत. त्यांत सुरुवातीच्या पेट्रोलची छोटी टाकी आणि रॉकेलची मोठी, दोन्ही रिकाम्या करायच्या, मधल्या नळ्या आणि हातपंपाचा रबरी फुगाही पिळून काढायचा. पाणी तळाला बसतं आणि नळीचं तोंडही तळालाच असतं, त्यामुळे “वरून चांगलं दिसतंय” याला काही अर्थ नाही.

फोर-स्ट्रोक मशीनचं थोडं वेगळं. याच्या पोटात ऑइल आहे, म्हणून पालथं करायचं नाही. आडवं ठेवताना कुठली बाजू खाली हे पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेकदा झाकणावर किंवा पायावर चित्रही असतं. ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं ऑइल घाला. हे एकदा करून भागत नाही, पण त्याचा हिशेब पुढे डिझेलसारखाच. इंधन इंजेक्शनच्या मशीनमध्ये पेट्रोलची आतली छोटी टाकी आणि संगणकाचा डबा असतो. तिथे माझं मत सरळ आहे: धुणं, प्लग काढून पाणी काढणं, ऑइल बदलणं एवढं आपण करावं आणि पुढचं अधिकृत केंद्राकडे सोपवावं. ओल्या कनेक्टरला करंट दिला तर हजारोंचा डबा एका क्षणात जातो.

शेवटी खालच्या पायातलं गिअर ऑइल. खालचा स्क्रू जरासा ढिला करा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं, तर पंख्याच्या शाफ्टचं सील गेलेलं आहे. ते बुडण्यामुळेच गेलं असेल असं नाही. बऱ्याचदा पंख्यामागे गुंडाळलेल्या मासेमारीच्या दोऱ्यानं ते आधीच कापलेलं असतं. पंखा काढून तेही बघून घ्या.

इनबोर्ड डिझेल

पहिल्यांदा हवेची आणि धुराची वाट मोकळी करा. एअर फिल्टर काढा, इनटेकचा पाइप सोडवा. टर्बो असेल तर त्याचं चाक बोटानं फिरतंय का बघा, इंटरकूलर असेल तर तो खोला, त्याच्या पोटात बादलीभर पाणी लपून राहू शकतं. सायलेन्सर आणि एक्झॉस्टच्या खालच्या वळणातलं पाणी काढा. हे राहिलं तर सिलिंडर कोरडे केल्यावर पुन्हा तिथूनच भरतात.

मग डिझेल फवारणारे नोझल काढा, सगळे. छोट्या एक सिलिंडरच्या इंजिनाला डीकॉम्प्रेशनची कडी असते, ती उचलूनही पाणी काढता येतं, पण नोझल काढणं जास्त खात्रीचं. आता क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून इंजीन हातानं फिरवा. तोंड भोकांच्या वर धरू नका, खारं पाणी आणि जुनी काजळी डोळ्यांत जाते. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की प्रत्येक भोकातून गोडं पाणी, मग स्पिरिट, मग ऑइल, या क्रमानं घालून फिरवत जा. गोड्या पाण्यानं धुवायला लोक कचरतात, “आधीच पाणी, त्यात आणखी पाणी” म्हणतात. पण मीठ आत सुकलं तर ते ऑइलनं निघत नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढत राहतं. ऑइलच्या पापुद्र्याखाली मिठाचा खडा राहिला की तिथे गंज सुरूच राहतो.

इंजीन चालू असताना पाणी गेलं असेल, तर रॉड तपासायची वेळ हीच. नोझलच्या भोकातून सरळ तार किंवा वेल्डिंगची कांडी आत सोडा, पिस्टन पार वर आणा आणि हेडच्या कडेपाशी तारेवर खूण करा. हेच सगळ्या सिलिंडरना. पाच खुणा एका जागी आणि सहावी दीड-दोन मिलिमीटर वर आली, म्हणजे तार तिथे जास्त खोल गेली, तर त्या सिलिंडरचा रॉड आखूड झाला आहे, म्हणजेच वाकला आहे. कॉम्प्रेशन गेज असेल तर उत्तमच. हेड उघडायचं की नाही याचा निर्णय इथे होतो.

आता चेंबर. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं. तळाचा बोल्ट पूर्ण काढू नका, चार आटे ढिला करा. आधी पाणी येतं, कधी स्वच्छ, कधी तपकिरी. मग अचानक धार जाड होते आणि पांढरट-पिवळट दुधाळ ऑइल यायला लागतं. किती पाणी आलं ते मापून ठेवा, विम्यालाही लागतं. बऱ्याच होड्यांत चेंबरचा बोल्ट आणि फळी यांच्यात हात जात नाही. तिथे ऑइल पट्टीच्या नळीतून हातपंपानं शोषून काढायचं, नळी तळाला टेकवून.

चेंबर धुवायला काहीजण रॉकेल किंवा डिझेल घालतात. हातानं फिरवण्यापुरतं ते चालेल, पण त्यावर इंजीन लावायचं नाही, बेअरिंगला वंगणच मिळत नाही. मला स्वस्तातलं सुटं ऑइल बरं वाटतं. भरायचं, हातानं फिरवायचं, काढायचं. मग नवा फिल्टर आणि पुन्हा तेच ऑइल, सुरुवातीच्या चालवण्यासाठी. महाग ऑइल शेवटच्या भरणीला. गिअरबॉक्सचं ऑइलही याच वेळी काढा, आणि त्याला कुठलं ऑइल चालतं ते पुस्तिकेत बघूनच भरा. काही गिअरबॉक्सना इंजीन ऑइल लागतं, काहींना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल. काळं ऑइल खाडीत सोडू नका, कॅनमध्ये भरा. भंगारवाला पैसे देऊन नेतो.

इंधनाच्या बाजूला सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महाग वस्तू आहे इंजेक्शन पंप. त्याच्या आतल्या दांड्या आणि नळ्यांत दोन-तीन मायक्रॉनची फट असते आणि वंगण म्हणून डिझेलच. पाण्याचा थेंब तिथे रात्रभर राहिला तर सकाळी दांडी चिकटते. म्हणून टाकी, नळ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर सगळं रिकामं करा आणि पंपातून स्वच्छ डिझेल हातपंपानं वाहू द्या, परतीच्या नळीतून स्वच्छ येईपर्यंत. काही पंपांना स्वतःचं वेगळं ऑइल असतं, ते विसरू नका. रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) मोकळा हलत नसेल तर पंप खोलायला जाऊ नका. तो डिझेल पंपाच्या वर्कशॉपचा विषय आहे, त्यांच्याकडे मोजणीचं टेबल असतं.

सेल्फ आणि डायनमो काढून गोड्या पाण्यात धुवा. हे वाचून भुवया उंचावतील, पण मीठ घेऊन सुकलेली वायंडिंग काही आठवड्यांत जातेच. खोला, धुवा, कार्बन ब्रश पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि वरून १०० वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर लावा. बेअरिंग नवी घाला, ती फार महाग नसतात. वायरींच्या जोडांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि हिरवी झालेली तार दोन इंच कापून नवा थिंबल लावा. तांब्याच्या तारेत खारं पाणी प्लास्टिकच्या आत खूप लांबवर चढतं, त्यामुळे टोक घासून चमकवून उपयोग नाही.

पहिल्यांदा लावताना

होडीच्या टाकीवर इंजीन लावू नका. वीस लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनाच्या वर बांधा, त्यात गाळलेलं नवं डिझेल घ्या, येणारी आणि परतीची दोन्ही नळी त्यातच. हवा नीट काढा. नोझल बसवण्याआधी सेल्फनं दहा सेकंद फिरवून भोकांतून काहीच ओलं येत नाही ना, याची खात्री करा. ऑइलचं प्रेशर गेजवर दिसलं पाहिजे.

दोन धोके. एक: ज्या होड्यांत समुद्राचं पाणी धुरातच सोडलेलं असतं, तिथे इंजीन लागत नसताना सेल्फ मारत राहिलं, तर पंप पाणी ढकलत राहतो आणि ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. सारी मेहनत वाया. म्हणून समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवून सेल्फ मारा आणि इंजीन लागल्याबरोबर उघडा. दुसरा: चेंबरमध्ये पाणी किंवा डिझेल जास्त झालं असेल, तर इंजीन ब्रीदरमधून (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी नळी) स्वतःचंच ऑइल ओढून सुसाट पळू शकतं, आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. एक माणूस स्टॉप लिव्हरवर आणि एक माणूस हवेच्या तोंडाशी, हातात लाकडाची फळी घेऊन. पळालं तर फळीनं हवा बंद करायची. तळहात तिथे कधीही लावायचा नाही.

लागलं की सुरुवातीला पांढरा धूर येईल, तो वाफेचा. पाच-सात मिनिटं मंद चालवा, बंद करा, ऑइल पट्टी बघा. ऑइल पुन्हा दुधाळ झालेलं असेल, आणि ते अपेक्षितच आहे. काढा, भरा, या वेळी अर्धा तास चालवा. पुन्हा बदला. ऑइल स्वच्छ राहीपर्यंत हे करायचं. तीन भरण्या हा साधारण अंदाज. शेवटच्या फेरीला लोडवर, पूर्ण गरम होईस्तोवर तासभर चालवलं पाहिजे. मंद चालणाऱ्या इंजिनाचं ऑइल इतकं तापत नाही की कोपऱ्यांतलं पाणी उडून जाईल. आउटबोर्डही पिंपात पाच मिनिटं पुटपुटवून समाधान मानू नका, समुद्रात नेऊन काठाकाठानं पळवा, आणि सोबतीला दुसरी होडी ठेवा. दोन आठवड्यांनी ऑइल आणि फिल्टर पुन्हा एकदा बदला.

पुढचा गंज

बाहेरून काय लावायचं यावर बंदरात चार मतं असतात. डब्ल्यूडी-४० मारणं ठीक आहे, त्याचं मूळ कामच पाणी हुसकावणं. १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवणाऱ्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयोग जमला, म्हणून त्या नावात ४० आहे. पण ती पापुद्री पातळ असते, खाऱ्या वाऱ्यात फार टिकत नाही. त्यावर मेणासारखा जाड थर बसणारा मरीन स्प्रे किंवा ग्रीस हवं. जुनं काळं ऑइल फासायची पद्धत मात्र सोडावी. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, आणि त्यावर वाळू चिकटते ती वेगळीच.

आउटबोर्ड रोज समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवणं हा सगळ्यात स्वस्त विमा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चाललं पाहिजे, नाहीतर हेडभोवतीच्या वाटांतलं मीठ तसंच राहतं. मग मशीन सरळ उभं ठेवून पाणी निथळू द्या.

झिंकबद्दल जरा सविस्तर. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात जोडलेले असले की त्यातला कमकुवत धातू खाल्ला जातो. म्हणून मुद्दाम जस्ताचा तुकडा लावून त्याला बळी द्यायचा. ही कल्पना हम्फ्री डेव्हीनं १८२४ साली ब्रिटिश आरमारासाठी मांडली. जहाजाच्या तळाच्या तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे लावले आणि तांबं झिजायचं थांबलं. गंमत अशी की तांबं झिजेना म्हणून त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि तळाला शिंपले-शेवाळ चिकटायला लागलं. आपल्यासाठी नियम थोडेच: झिंक निम्मा झिजला की बदला, त्यावर रंग लावू नका, आणि बसवताना खालचा धातू घासून स्वच्छ करा, नाहीतर वीज जोडली जात नाही. कित्येक महिने झिंक नवाकोरा दिसतोय याचा अर्थ तो काम करत नाही. पावसाळ्यात खाडी जवळजवळ गोडी होते. तिथे जस्तावर थर बसून ते निकामी होतं, ॲल्युमिनियमचे अॅनोड (बळी द्यायचे तुकडे) बरे पडतात. आणि ॲल्युमिनियमच्या पायाला तांबं असलेला तळाचा रंग चुकूनही लावू नका, तो पाय खातो. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवताना ग्रीस लावा, पुढच्या वर्षी ते निघतील.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यात आपली दमट हवा. न बुडालेलं इंजीनही या दोन महिन्यांत गंजतं. होडी शाकारण्याआधी इंजीन गरम करून ऑइल बदला. बदल बंदीनंतर करायचा ही उलटी सवय आहे, त्यामुळे आम्लवालं जुनं ऑइल दोन महिने बेअरिंगवर बसून राहतं. डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते. समुद्राच्या पाण्याची वाट गोड्या पाण्यानं धुऊन निथळवा, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा काढून ठेवा. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल, हवेच्या आणि धुराच्या तोंडात ऑइलात भिजवलेलं फडकं, आणि फडकी काढायची आठवण म्हणून सेल्फच्या बटणाला लाल चिंधी बांधलेली. दर पंधरा दिवसांनी नोझल न काढता पुलीला पाना लावून हातानं दीड फेरा द्या, म्हणजे पिस्टन आणि रिंगा एकाच जागी चिकटून राहत नाहीत.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पाण्यात टाकताना उलट्या क्रमानं जायचं: लाल चिंधी, दोन्ही फडकी, पंपाचा पंखा, पाण्याचा कॉक, ऑइल पट्टी. मग एकदा हातानं पूर्ण फेरा, आणि त्यानंतर सेल्फ.